तिची गणितं मी ऐकायचे

दसऱ्याचं तोरण दारावर सुकायला लागलं की आमच्या घरातला टीव्ही मुका होतो. चित्रं हलतात, आवाज नाही. झेंडूच्या पाकळ्या उंबऱ्यावर गळत राहतात आणि मी त्या झाडूने न झाडता हाताने गोळा करते, कारण आत नात अभ्यासाला बसलेली असते. दिवाळीच्या आधी तिची कॉलेजची परीक्षा. पाऊस गेलेला, ऊन एकदम चढलेलं, पंखा नुसती गरम हवा ढवळतो, आणि शेजारच्या पाडलेल्या बिल्डिंगची धूळ खिडकीच्या गजांवर बसते. सकाळी पुसावी, दुपारी पुन्हा आहेच.

हा महिना मला पूर्वी फार आवडायचा. चार महिने कपाटात कोंडलेला कुबट वास या उन्हात जातो. गाद्या, उशा, गोधड्या गच्चीवर न्यायच्या, पसरायच्या, झोडपायच्या, संध्याकाळी गरम गरम खाली आणायच्या. आमची बिल्डिंग मुलुंड पूर्वेला आहे, जुनी, लिफ्ट नसलेली. गच्चीवरून मिठागरं दिसतात. पावसाळाभर तिथे नुसतं पाणी असतं, या दिवसांत ते उतरू लागतं, आणि ओहोटीच्या वेळी खाडीचा खारट, चिखलट वास वर येतो. लोक नाक मुरडतात. मला त्या वासाने गावची खाडी आठवते, म्हणून मी मुरडत नाही.

याही वर्षी गाद्या वर नेल्या. काठीने झोडपल्या. मग टाकीच्या सावलीत टेकले तेव्हा लक्षात आलं, की काठी जरा जास्तच जोराने चालवली. हात दुखत होता. गेल्या वर्षी याच उन्हात, याच गच्चीवर मी फसले होते. बाहेरच्या कोणी फसवलं असतं तर चार जणांना सांगितलं असतं, भांडून आले असते. घरच्या पोरीने फसवलं की कुठे जाणार? म्हणून लिहायला बसले.

प्राची माझी नात, माझ्या संजयची मुलगी. बी.एस्सी. करते. तिचे विषय गणित आणि फिजिक्स. माझं शिक्षण चौथी. सिंधुदुर्गात आमच्या गावच्या शाळेत एक खोली होती, तिच्यात चार वर्ग आणि एक गुरुजी. गुरुजी पाढे म्हणवून घ्यायचे तेव्हा डोळे मिटून बसायचे. आम्हाला वाटायचं, झोपले. पण कोणी सतराच्या पाढ्यात गडबडून पुढे पळालं की छडी टेबलावर वाजायची. गुरुजी एकटे आणि पोरं फार, म्हणून मोठ्या मुलांना लहानांचे पाढे म्हणवून घ्यायला बसवायचे. मी चौथीत होते तेव्हा दुसरीची पोरं माझ्याकडे असायची. तिथे मी एक गोष्ट शिकले, तेवढीच जन्मभर पुरली. ज्याला येत नाही तो त्या जागी धावतो. शब्द एकमेकांवर चढतात, आवाज बारीक होतो, नजर छपराकडे जाते. पाढा मला स्वतःला येत नसला तरी एवढं कळायचं.

संजयचे पाढे आणि कविता मी अशाच म्हणवून घेतल्या, पोळ्या लाटता लाटता. मग प्राचीच्या. दहावीपर्यंत ती मराठी शाळेत होती, तोवर पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. अकरावीला सगळं इंग्रजी झालं. मी पुस्तक उघडलं, मिटलं, आणि आपलं काम संपलं असं धरून चालले. तर तीच म्हणाली, आज्जी, तू समोर बस ना, मी तुला मराठीत सांगते.

मग ती मराठीत सांगायला लागली. चार वाजता चहा झाला की स्वयंपाकघरात फरशीवर बसायचं. मी मेथी निवडत असे, नाहीतर कोलंबी सोलत असे, आणि ती समोर वही घेऊन. एक शिडी भिंतीला टेकवलेली आहे, आज्जी. तिचं खालचं टोक सरकतंय. तर वरचं टोक किती वेगाने खाली येतंय? मी म्हणायचे, शिडीवर कोणी चढलंय का? नाही, कोणी नाही. मग सरकते कशाला? तर ती हसायची आणि पुढे सांगायची. चहा किती वेळात गार होईल याचंसुद्धा गणित असतं. मी विचारलं, बशीत ओतला तर? ती म्हणाली, बशीचं गणित वेगळं होईल. मला तो अभ्यास आवडायला लागला. त्यात शिड्या होत्या, हौद होते, स्प्रिंगला टांगलेली वजनं होती. जगात जे रोज दिसतं तेच, फक्त त्याला हिशोब विचारलेला.

एक दिवस माझ्या लक्षात राहिला आहे. पहिल्या वर्षाची गोष्ट. उतारावर एक खोका ठेवलेला, त्याला दोरी, दोरी विहिरीच्या रहाटासारख्या चाकावरून पलीकडे नेलेली आणि पलीकडे वजन लटकवलेलं. उत्तर पुस्तकाच्या मागे छापलेलं होतं आणि हिचं त्याच्याशी जुळत नव्हतं. दोन दिवस जुळत नव्हतं. कॉलेजातल्या मैत्रिणीला विचारून झालं, तिचंही तेच चुकलेलं. हिने मला सांगायला सुरुवात केली, आणि खोका उताराला घासतो ती गोष्ट आली तिथे भरकन पुढे गेली. मी कोलंबी खाली ठेवली. घाईत माझ्या तोंडून गावची भाषा येते.

"थांब. तो खोको खंय जाता ता आदी सांग गो."

"खाली. उतारावरून खालीच जाणार ना, आज्जी."

"पलीकडचा वजन जड असला तर?"

तिने पेन तोंडात घातलं. मग खाली वाकून असं काही लिहीत सुटली की चहाचा कप लवंडला तरी तिला कळलं नाही. खोका खाली जात नव्हता, वर ओढला जात होता. म्हणून घासणं उलट्या बाजूला. उत्तर जुळलं. तिने माझ्या कोलंबीच्या हातांचा मुका घेतला आणि झोपेपर्यंत तोंडाला वास येतो म्हणून ओरडत फिरली. त्या दिवशी मला फार मोठं झाल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

मी उगाच फुशारले नव्हते. भांडुपला इंजेक्शनं बनवणाऱ्या एका कंपनीत मी बरीच वर्षं काम केलं. समोर एक काळी पाटी, एक पांढरी पाटी, वर दिवा. काचेच्या कुप्या बोटांत धरून उलट्या करायच्या आणि आत केस, धागा, काचेचा कण फिरतो का ते बघायचं. आत कुठलं औषध आहे हे मला कधीच माहीत नव्हतं. ते माहीत असायची गरज नव्हती. कचरा दिसला की कुपी बाजूला. भरलेल्या ट्रेमध्ये आपल्या नंबरची चिठ्ठी टाकायची. माल परत आला तर चिठ्ठीवरून बाई सापडायची. माझ्या नंबरची चिठ्ठी कधी परत आली नाही. त्यामुळे प्राचीचं गणित मला कळत नसलं तरी त्यातला कचरा मला दिसतो, यावर माझा विश्वास होता. तिचा होता. आणि संजयचा होता, गंमत तिथे झाली.

संजय अंधेरीला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये आहे. माल आला, माल गेला, ते बघतो. प्राचीने बी.एस्सी. करावं हे त्याला पटत नव्हतं. त्याच्याकडे कॉम्प्युटरवर बसायला मुली घेतात, एक छोटा कोर्स केला की काम. तीन वर्षं शिड्या आणि खोके करून पुढे काय, असं त्याचं म्हणणं. वाईट माणूस नाही तो. त्याचे वडील गिरणीत होते आणि गिरणी बंद झाली तेव्हा तो आठवीत होता, त्यामुळे हातात लगेच येईल तेवढंच त्याला खरं वाटतं. सून एका दवाखान्यात रिसेप्शनला बसते. ती म्हणाली, तुम्ही काय ते ठरवा. पोरगी रडायला लागली. तेव्हा मी मधे पडले. म्हटलं, शिकू दे. मी रोज बसते तिला घेऊन.

"तू?" संजय हसला.

"मी. येत नसेल तर मला कळतं."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. त्याचेही पाढे मीच घेतले होते. मग म्हणाला, "बरं. तुझ्या शब्दावर. पण एक विषय राहिला तरी कॉलेज बंद, आई. मग मधे पडायचं नाही."

त्या दिवसापासून तो संध्याकाळी आला, चपला काढल्या, की पहिला प्रश्न मला. बसली होती का? बसली होती. येतंय का? येतंय. तिला तो काही विचारत नसे. माझं ऐकून हातपाय धुवायला जायचा. पहिलं वर्ष असं नीट पार पडलं आणि पोरीला मार्कही चांगले पडले.

दुसऱ्या वर्षी, गेल्या वर्षी, गणपतीच्या आधी तिला डेंग्यू झाला. तीन आठवडे गेले. उठली तेव्हा नुसता सांगाडा होता. पुन्हा चार वाजता बसायला लागली आणि पहिले काही दिवस फारच अडखळत होती. मी दर दोन वाक्यांना थांबवत होते. ती चिडायची. मी म्हणायचे, चिडू नको, नाही येत तर नाही येत म्हण, सरांना विचार. ती वही मिटून निघून जायची. मग एका आठवड्यात सगळं बदललं. पोरगी शांत बसून, सावकाश, एकेक पायरी सांगायला लागली. आवाज बारीक होईना. नजर माझ्याकडे. मला वाटलं, ताप उतरला आणि डोकं उघडलं. किती आनंद झाला मला. मेथी निवडताना मी मधेच गुणगुणायचे म्हणे.

एक गोष्ट बदलली होती ती मी पाहिली आणि सोडून दिली. तिच्या सांगण्यात आता शिडी नव्हती, खोका नव्हता, चहा नव्हता. नुसतं एक्स, वाय, हे त्याच्यात टाकलं, ते याच्यातून काढलं, म्हणून उत्तर अमुक. मी एकदा विचारलं, अगं, यात हलतंय काय? ती म्हणाली, आज्जी, आता वरचा वर्ग आहे, आता असंच असतं. मला पटलं. चौथी शिकलेल्या बाईला वरच्या वर्गात काय असतं ते कोण सांगणार? मला वाटलं, लहान मुलांच्या पुस्तकात चित्रं असतात आणि मोठ्यांच्या पुस्तकात नसतात, तसंच हे असेल. कॉलेजात दर आठवड्याला गणितांचा एक कागद देत, घरून सोडवून न्यायचा. त्या वहीवर सरांच्या लाल खुणा असत, सगळ्या बरोबरच्या. त्या मला वाचता येत होत्या. मी वही संजयसमोर धरली. त्याने पानं उलटली, मान हलवली, आणि म्हणाला, आई, तुझं बरोबर होतं.

मग हेच दिवस आले. हेच ऊन. गाद्या गच्चीवर होत्या. घरात गरम होत होतं म्हणून ती वही घेऊन वर आली आणि टाकीच्या सावलीत बसून सांगू लागली. मी काठीने गादी झोडपत होते. धूळ उडायची, उन्हात चमकायची, आणि माझ्या काठीच्या ठेक्यावर तिचं एकेक वाक्य येत होतं. कुठे अडकणं नाही. मधे एकदाच थांबली, कपाळ चोळलं, "हां, इथे उणे येणार," म्हणाली, आणि पुढे शेवटपर्यंत. मी काठी टेकून ऐकत राहिले. खालून खाडीचा वास येत होता. म्हटलं, आज अगदी छान झालं गो. खाली आल्यावर सीताफळांतलं सगळ्यात मोठं तिला दिलं. संजय आला. येतंय का? मी म्हणाले, आता माझी गरजच उरली नाही तिला.

निकाल संक्रांतीच्या सुमाराला लागला. फोनवरच लागतो आता. गणित राहिलं, फिजिक्स राहिलं, दोन्ही. मार्क थोडेथोडके कमी नव्हते. गणिताचा तर तिने जवळजवळ सगळा पेपर कोराच दिला होता. संजय कामावरून आला तेव्हा तीळ भाजायचा वास घरभर होता. तिने फोन त्याच्या हातात दिला. त्याने वाचलं. फोन तिला परत दिला. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आई, तू रोज सांगत होतीस ना?"

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मी उलट बोलले असते. तीळ करपले.

दुसऱ्या दिवशी सगळे कामावर गेल्यावर मी तिला समोर बसवलं, रोजच्याच जागी.

"प्राची, तू मला म्हणून दाखवायचीस ते काय होतं?"

"पाठ केलेलं."

"कुणाचं?"

"फोनचं." तिने सांगितलं ते असं. फोनमध्ये सोय असते. गणिताचा फोटो काढायचा, मग पायऱ्यांसकट उत्तर येतं. ते वहीत उतरवायचं, पाठ करायचं, चार वाजता माझ्यापुढे म्हणायचं. आजारपणात मागे पडली होती, पुढचं काही कळेना, सांगायची सोय नव्हती. पप्पांनी कॉलेज बंद केलं असतं. दिवाळीनंतर सगळं भरून काढणार होती. मी ऐकून घेतलं. मग विचारलं, मला का नाही कळलं?

तिने तोंड वर केलं. रडत होती, पण मला उत्तर देताना तिचा आवाज जराही हलला नाही. "तुला गणित कुठे कळायचं, आज्जी? तू माझा आवाज ऐकायचीस. मला ते माहीत होतं. मी हळू बोलायला लागले आणि तुला पटायला लागलं. मधेच कधी मुद्दाम थांबायचे, मग तुला जास्त खरं वाटायचं." मग आणखी सांगितलं, जे मी विचारलं नव्हतं. "त्या दिवशी गच्चीवर तर फोटोत खालची ओळच आली नव्हती. फोनने भलतंच गणित सोडवलं होतं. मला ते नंतर वर्गात कळलं. तू म्हणालीस, आज अगदी छान झालं."

सीताफळाचं तिने काढलं नाही. मीही काढलं नाही.

कारण होतं तिच्याकडे, हे मला मान्य आहे. आजारी होती, घाबरली होती, आणि तिचं कॉलेज माझ्या शब्दावर उभं होतं त्यामुळे मला सांगणं तिला आणखी जड गेलं असेल. एवढं मलाही समजतं. पण सरांना तिने फसवलं आणि मला फसवलं, या दोन गोष्टी मी एका मापाने मोजत नाही. सरांपुढे साठ वह्या असतात. त्यांना तिने वही दाखवली. मला तिने तोंड दाखवलं. मी काय ऐकते, कुठे कान टवकारते, कशाने निवांत होते, हे तिला लहानपणापासून माझ्यासमोर बसून बसून कळलं होतं. तेच तिने वापरलं. अनोळखी माणसाला हे जमलं नसतं.

लोक म्हणतील, लहान आहे, सोडून दे. आमची सूनही म्हणाली, आई, एवढं काय त्यात, सगळीच मुलं फोनवरून करतात आता. करत असतील. सगळ्या मुलांच्या आज्या रोज संध्याकाळी मुलाला हमी देत नसतील. मला वाटतं, शिकलेल्या माणसांना हे कळणं कठीण आहे. त्यांच्याकडे दाखवायला पुष्कळ असतं, कागद असतात, सह्या असतात. माझ्याकडे कान होता आणि शब्द होता. कान फसला म्हणून शब्द गेला. दोन दिवस मी तिच्या हातचा चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी घेतला, कारण सकाळी गुडघा धरला होता आणि उठवत नव्हतं.

संजयने कॉलेज बंद केलं नाही. बंद करू नको असं मी त्याला सांगितलंही नाही. मधे पडायचं नाही असं ठरलं होतं. त्याने स्वतःच ठरवलं की राहिलेले दोन विषय पुढच्या दिवाळीआधीच्या परीक्षेत सुटले तर ठीक, नाहीतर अंधेरीला नोकरी. तिला मुलुंड पश्चिमेला एका सरांच्या क्लासला घातलं. आणि त्या दिवसापासून संध्याकाळी चपला काढल्यावर मला विचारणं थांबवलं. भांडण नाही, अबोला नाही. जेवलीस का, गोळी घेतलीस का, सगळं विचारतो. तेवढं एक विचारत नाही. सुरुवातीला मी त्याच्या चपलांची चाहूल लागली की आपोआप स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभी राहायचे. मग सवय मोडली.

आता पुन्हा तोरण सुकतं आहे. परीक्षा तोंडावर आली आहे. तिसऱ्या वर्षाचे विषय आहेतच, वर गेल्या वर्षीचे दोन. नवरात्रात एकदा चार वाजता ती वही घेऊन आली. मी गवार मोडत होते.

"आज्जी, घेतेस?"

"मला गवार मोडायचीय."

"मी मोडते. तू नुसती ऐक."

"नको."

ती उभी राहिली जराशी. मला वाटलं, जाईल. ती गेली नाही. फरशीवर बसली, माझ्याकडे पाठ केली आणि म्हणाली, मग मी सिलिंडरला शिकवते. आणि खरंच गॅसच्या सिलिंडरकडे तोंड करून सांगायला लागली. एक तार आहे, गोल वळवलेली. तिच्यातून वीज जाते. तारेच्या मधोमध एक चुंबकाची सुई ठेवली. तर सुई कुठे वळेल? मराठीत सांगत होती. त्यात तार होती, सुई होती. मी गवार मोडत राहिले. मधेच एका जागी ती भरकन पुढे गेली, शब्द एकमेकांवर चढले. मला ऐकू आलं. तोंडापर्यंत आलं, थांब. बोलले नाही. शेंगेचा देठ काढला. पुढे ती स्वतःच अडकली, मागे गेली, पुन्हा सुई कुठे आहे ते सिलिंडरला विचारलं. मी मोडलेली गवार घेऊन बाहेर आले.

तेव्हापासून रोज ती सिलिंडरशी बोलते. मी त्या वेळी गच्चीवर जाते. वाळत घातलेलं काही नसलं तरी जाते. मिठागरात पाणी उतरलं आहे, कडेची माती उघडी पडली आहे, बगळे उभे असतात. ऊन कलतं तेव्हा खाली येते.

परवा जेवायला बसलो होतो. सून यायची होती. प्राची आत भाकऱ्या करत होती. माशाची आमटी होती, संजयने भाकरी मोडली, आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा मला विचारलं.

"आई, होतंय का तिचं?"

मी इतके महिने या प्रश्नाची वाट बघत होते, आणि आला तेव्हा मला तो नको होता. हो म्हटलं असतं तर त्याने ऐकलं असतं, निदान ऐकल्यासारखं केलं असतं. नाही म्हटलं असतं तर पोरीचं वाटोळं. मला सुई माहीत होती, तार माहीत होती, ती कुठे धावली तेही माहीत होतं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "तिला विचार."

त्याचा घास हातात राहिला. असं उत्तर मी त्याला कधी दिलं नव्हतं. आत तव्यावरची भाकरी उलटायची राहिली असावी, कारण करपल्याचा वास आला. मग प्राची बाहेर आली. हाताला पीठ, कपाळावर घाम.

"पप्पा, गणिताचे तीन धडे येतात. चौथा... अर्धा येतो. फिजिक्समधला शेवटचा अजून उघडला नाही. सुटतील का दोन्ही... ते मला आत्ता सांगता येत नाही."

संजयने माझ्याकडे पाहिलं, पूर्वीसारखं, हे खरं आहे का ते बघायला.

"माझ्याकडे बघू नको," मी म्हणाले, आणि आमटी वाढून घेतली.

ती दोनदा अडखळली होती. नजर खाली होती. कुठेही धावली नव्हती. गेल्या वर्षापर्यंत मला एवढं पुरलं असतं.